कनकवेलचा वेढा

रविराज सासणेच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याला एकेचाळीस दिवस झाले, तेव्हा मिरजेतल्या रुग्णालयाच्या समितीनं त्याच्या बायकोला आणि मुलीला खालच्या मजल्यावरच्या खोलीत बोलावलं. सकाळचे अकरा वाजले होते. डॉक्टर कित्तूर होते, एक वकीलबाई होत्या, आणि टेबलाच्या टोकाला तिशीतली एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. तिचं नाव मेहजबीन मुल्ला. ती छायावाचक होती.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. रविराजचा मेंदू मेलेला नव्हता, पण तो जागाही होणार नव्हता. श्वास यंत्र देत होतं. घशाला छिद्र पाडून कायमची नळी बसवली, तर तो असाच दोन वर्षं राहील, कदाचित पाच. नाहीतर यंत्र काढायचं. आपल्यावर अशी वेळ आली तर काय करावं, हे त्यानं कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं. एक्कावन्न वर्षांचा, तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवणारा, रोज सहा किलोमीटर चालणारा माणूस. त्याला कशाला सुचतंय तसलं काही.

"म्हणून कायद्यानं मुभा दिल्याप्रमाणे आम्ही त्यांच्या निवडछायेला विचारलं," डॉक्टर म्हणाले.

मेहजबीननं उत्तर वाचून दाखवलं. छायेच्या मते, रविराजनं यंत्र काढायला नकार दिला असता. खात्री शंभरात चौऱ्याण्णव.

ओवीनं, त्याच्या बावीस वर्षांच्या मुलीनं, डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. ती एकेचाळीस दिवस हेच सांगत होती. त्याच्या बायकोनं, सुनेत्रानं, मात्र विचारलं, की छाया हे कशावरून सांगते.

निवडछाया म्हणजे काय, हे तेव्हा बहुतेकांना कानावरून माहीत होतं; नीट कुणी समजावलेलं नव्हतं. मेहजबीननं ते समजावलं. माणूस काय बोलतो यावरून तो कसा आहे हे कळत नाही. दोन्ही गोष्टी वाचवणं शक्य नसेल तेव्हा तो कुठली सोडतो, यावरून कळतं. अशा हजारो निवडी यंत्रापुढं ठेवल्या, की यंत्र उलट्या बाजूनं हिशेब करतं: हा माणूस असा वागला, तर त्याच्या मनात कुठल्या गोष्टीचं वजन किती असलं पाहिजे? वजनं सापडली, की ज्या प्रसंगातून तो कधीच गेला नाही, त्यात तो काय करेल याचा अंदाज बांधता येतो. अडचण एकच असते. साध्या जगण्यात माणूस अशा निवडी फार थोड्या वेळा करतो, आणि त्यांची कुठं नोंद राहत नाही.

रविराजच्या होत्या. तो पंचवीस वर्षं 'परकोट' खेळत होता.

परकोट हा वेढ्यांचा खेळ. जुन्या दख्खनेतल्यासारखं एक तटबंदीचं शहर उभारायचं आणि जगभरातल्या खेळाडूंनी त्याला वेढा घातला, की ते राखायचं. रविराजच्या शहराचं नाव कनकवेल. त्याला तीन तट होते, आतला बाहेरच्यापेक्षा उंच, म्हणजे पहिला तट घेणारा दुसऱ्याच्या माऱ्याखाली उघडा पडायचा. नऊ दरवाजे, प्रत्येक वळणाच्या पोटात लपवलेला, की हत्तीला धडक द्यायला सरळ धाव मिळू नये. लोक तोफा घेऊन यायचे, मातीचे उंच दमदमे रचून त्यांवर तोफा चढवायचे, खंदक बुजवायचे, बुरुजाखाली सुरुंग खणायचे. रविराज तटाच्या पायाशी पाण्यानं भरलेल्या पराती ओळीनं मांडून ठेवायचा. पाणी थरथरलं, की खाली कुणीतरी खणतंय. मग तो समोरून आपलं भुयार खणून शत्रूच्या भुयारात धूर सोडायचा. कनकवेलवर तेराशेच्या वर वेढे पडले होते. त्यातल्या दोनशे बारा वेढ्यांत जिंकायची काही आशा उरलेली नव्हती. त्या दोनशे बारांत तो काय करतो, हेच छायेच्या उत्तराच्या मुळाशी होतं. तो एकदाही शरण गेला नव्हता. शेवटच्या तटावर, शेवटच्या माणसापर्यंत.

"पण तो शरण गेलाय," सुनेत्रा म्हणाली. "मला. अकरा वेळा."

मेहजबीननं पडद्यावर काहीतरी शोधलं. हो, होते अकरा सामने, सोळा वर्षांपूर्वीपर्यंतचे. छाया घडवताना ते धरले होते. प्रश्न विचारताना मात्र समोर अनोळखी शत्रू धरला होता. तशीच पद्धत होती.

त्यांचं लग्नच मुळी त्या खेळातनं जमलेलं. सुनेत्रा तेव्हा एसटीच्या विभागीय कचेरीत नवीन लागली होती, वेळापत्रकं आखायच्या टेबलावर. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती वाजता पोचली म्हणजे पुढचीला प्रवासी मिळतील, याचं गणित तिच्या बोटांत होतं. वेढाही ती तसाच घालायची. एकही तोफ नाही, शिड्या नाहीत. ती कनकवेलचे रस्ते मोजायची, बैलांचे तांडे कुठल्या महिन्यात कुठून येतात ते बघायची, आणि एकेक वाट गुपचूप बंद करायची. बाकीचे तटावर डोकं आपटून घेत. ती तटाला हातही लावत नसे. दोनशे अडीचशे दिवसांनी धान्याची कोठारं तळाला जात आणि पश्चिमेचा दरवाजा उघडून रविराज किल्ल्या पाठवायचा. खेळातल्या सगळ्या जगात कनकवेलच्या किल्ल्या मिळवणारी ती एकटी होती. पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्यानं निरोप धाडला होता, की असा वेढा घालणाऱ्या माणसाला एकदा भेटायला हवं. सांगली-मिरजेत सात मैलांवर राहणारी दोन माणसं अशी भेटली. पुढं ओवी झाली, सासूबाईंचं आजारपण आलं, आणि सुनेत्राचा खेळ सुटला. रविराजचा सुटला नाही.

तिनं समितीला विचारलं, की मला छायेविरुद्ध एकदा खेळता येईल का. वकीलबाईंनी कागद चाळून सांगितलं, की येईल; जवळच्या नातेवाइकाला तो हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, रुग्णालयातल्याच एका लहानशा खोलीत, सोळा वर्षांनी ती कनकवेलसमोर उभी राहिली. परकोटमधला एक दिवस म्हणजे बाहेरचं एक मिनिट. तिनं नाव तेच घातलं, निशाण तेच, निळ्यावर पांढरी बैलगाडी.

शहर बदललं होतं. उत्तरेला नवा बुरूज होता, खंदकाला दुहेरी दगडी काठ होता. पण दरवाजे वळणातच होते, आणि तटाखाली परातींची ओळ होती. सुनेत्राला वाटलं होतं आपण रडू. तसं झालं नाही. हात चालायला लागले. पहिल्या चाळीस दिवसांत तिनं पूर्वेचे तीन रस्ते अडवले. छायेनं घोडदळ काढून तिची एक चौकी जाळली. अगदी रविराजसारखी, पहाटेच्या धुक्यात, परतीची वाट आधी राखून. तिनं चौकी दोन कोस मागं नेली. ऐंशीव्या दिवशी ओढ्याच्या बाजूनं धान्य आत जातंय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो ओढाच वळवला. एकशे साठाव्या दिवशी शहरातली भाकरी निम्मी झाली. छायेनं आधी शिपायांची भाकरी कापली, मग घोड्यांचा चारा, आणि सगळ्यात शेवटी शहरातल्या लोकांची. ही रविराजचीच रीत. घरात काही कमी पडलं की तो आधी स्वतःच्या ताटातलं काढायचा, आणि भूक नाही म्हणायचा.

दोनशे एकविसाव्या दिवशी पश्चिमेचा दरवाजा उघडला. एक म्हातारा किल्लेदार किल्ल्यांचं तबक घेऊन बाहेर आला. पावणेपाच व्हायला आले होते.

ती बाहेर बाकावर बसलेल्या ओवीकडं गेली आणि तिला सगळं सांगितलं. बाबा तटासाठी लढत नव्हते. आतली माणसं हाल काढायला लागली, की ते दार उघडत. बाकीच्यांनी तटावर हल्ले केले म्हणून ते शेवटपर्यंत लढले. उपासमारीची वेळ त्यांच्यावर कुणी आणलीच नाही. आता हाल आपले चाललेत. सारखी पुण्याहून येऊन जाऊन तू अर्धी झालीस. बाबांनी हे चालू दिलं नसतं.

ओवीनं ऐकून घेतलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला जे उत्तर हवं होतं ते तू काढून आणलंस."

सुनेत्राला ते फार लागलं. एकेचाळीस रात्री तिनं तेच उत्तर मनातून हाकलून लावलं होतं. ती घरी निघून गेली.

ओवी पुण्यात सांख्यिकी शिकत होती. तिला नुसतं रागावून भागणार नव्हतं. ती तडक मेहजबीनकडं गेली. आईच्या सगळ्या चाली नोंदलेल्या होत्याच. ओवी म्हणाली, त्याच चाली, त्याच दिवशी, त्याच क्रमानं पुन्हा चालवा, फक्त नाव आणि निशाण अनोळखी ठेवा. एकदा नको, दोनशे वेळा. मेहजबीनलाही हे सुचायला हवं होतं. तिनं तसं कबूल केलं. यंत्रानं यंत्राशी खेळायचं म्हटल्यावर रात्रीतून दोनशे वेढे होऊन गेले.

सकाळी तिघी त्या खोलीत बसल्या. मेहजबीन पडद्याकडं बघत बोलत होती, सुनेत्राकडं बघत नव्हती. अनोळखी नावानं घातलेल्या दोनशे वेढ्यांत कनकवेलनं एकदाही दार उघडलं नाही. घोडी खाल्ली, चामडं उकडून खाल्लं, माणसं मेली, तरी नाही. सुनेत्राच्या नावानं तेच वेढे पुन्हा चालवले. दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याण्णव वेळा दार उघडलं.

"म्हणजे उपासमारीचा प्रश्नच नव्हता, ताई," मेहजबीन म्हणाली. "छायेत एक वजन आहे. त्याला आम्हाला नाव देता येत नव्हतं, कारण ते तेराशे वेढ्यांत कुठंच दिसत नाही, फक्त तुमच्या अकरांत दिसतं. ते तटापेक्षा मोठं आहे. लोकांच्या जिवापेक्षा, सगळ्या शहरापेक्षा मोठं आहे. तुम्ही जिंकावं, एवढंच आहे ते."

तिनं जुने सामने काढून दाखवले. चौथ्या वेढ्यात सुनेत्राचे लोक शहराच्या पाण्याची वाट तोडायला भुयार खणत होते. त्या रात्री रविराजनं बरोबर तेवढ्याच भागातल्या पराती उचलून घेतल्या होत्या. सहाव्यात तिचा रसदीचा तळ नदीकाठच्या चिखलात तीन दिवस अडकला होता, राखणीला वीस माणसं. सुनेत्राला तो चांगला आठवत होता. आता घोडदळ येणार, सगळं जाणार म्हणून ती खुर्चीच्या टोकाला बसून राहिली होती. घोडदळ आलं नाही. नंतर कितीतरी महिने ती रविराजला चिडवायची, एवढा मोठा तळ दिसला नाही का तुला म्हणून, आणि तो चष्मा पुसत म्हणायचा, नाही बुवा दिसला. नोंदीत होतं, की त्याच्या टेहळ्यांनी तळ पहिल्याच दिवशी पाहिला होता. त्यानं घोडदळाला खोगीर उतरवायचा हुकूम दिला होता.

पहिल्या वेढ्यातसुद्धा. तेव्हा तर तिचं खरं नावही त्याला ठाऊक नव्हतं, फक्त निशाण. वेढ्याच्या नव्वदाव्या दिवसापर्यंत तो जिवाच्या आकांतानं खेळला होता. त्यानंतर नाही. नव्वदाव्या दिवशी काय झालं, ते मेहजबीनला सांगता आलं नाही. सुनेत्रालाही आठवेना. कदाचित त्या दिवशी तिनं काहीतरी विनोदी निरोप पाठवला असेल.

सगळ्या आयुष्यात सुनेत्रा ज्याच्यात कुणापेक्षा सरस होती अशी एकच गोष्ट होती, आणि ती गोष्ट एका माणसानं रोज थोडी थोडी करून तिच्या हातात ठेवली होती, तिला कळू न देता. आणि आता कळलं, तेव्हा त्याला जाऊन भांडताही येत नव्हतं.

मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि ती जास्त वाईट होती. तिनं दार उघड म्हटलं, की तो उघडणार. उघडू नको म्हटलं असतं, तर न उघडता बसला असता. त्याला काय हवंय हे तिनं विचारण्यात काही अर्थच नव्हता, कारण तिच्यापुढं त्याला स्वतःचं असं काही हवं नसायचं.

ओवीनं तेवढ्यात खुर्ची पुढं ओढली. तिलाही एकदा बघायचं होतं. तिनं स्वतःचं नाव घातलं: ओवी रविराज सासणे. निशाण केलं नाही, वेढा घातला नाही. शंभर माणसं घेऊन नुसती पश्चिमेच्या दरवाजाशी जाऊन थांबली. तीन मिनिटं काही झालं नाही. चौथ्या मिनिटाला तटावरून उकळतं तेल आलं आणि त्यामागून बाण. शंभरातला एकही माणूस परतला नाही.

मेहजबीन घाईनं सांगू लागली, की छायेला तुम्ही ठाऊकच नाही, तुम्ही कधी परकोट खेळला नाहीत, छायेला फक्त खेळातलंच कळतं. ओवीला हे सगळं तिच्याहून चांगलं कळत होतं. तरी ती पडद्याकडं बघत राहिली आणि तिचा खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरायला लागला.

"आई, त्यांनी मला ओळखलं नाही," ती म्हणाली.

सुनेत्रानं तिला जवळ घेतलं. ज्या माणसानं हिच्या पहिल्या तापात सलग दोन दिवस हिला खांद्यावरून खाली ठेवलं नव्हतं, त्याची ती छाया होती म्हणे. शंभरात चौऱ्याण्णव खात्रीची.

दुपारी सुनेत्रानं समितीला सांगितलं, की छायेची दोन्ही उत्तरं बाजूला ठेवा. एक अनोळखी माणसाला दिलेलं आहे आणि एक मला, आणि दोन्हींत तो नाही. वकीलबाई म्हणाल्या, मग निर्णयाला आधार काय लिहायचा? कायद्याला काहीतरी कारण लागतं.

"बायकोनं ठरवलं असं लिहा," सुनेत्रा म्हणाली. "त्याची इच्छा होती असं कुठंही लिहू नका. मला ठाऊक नाही त्याची इच्छा. यंत्र काढा, हे मी म्हणतेय."

ओवीनं विरोध केला नाही. होही म्हटलं नाही. सही माझ्याकडून मागू नकोस, एवढंच ती म्हणाली, आणि सुनेत्रानं तिच्या वाटणीची जागा कोरी ठेवून खाली आपलं नाव लिहिलं.

शुक्रवारी सकाळी दहाला यंत्र काढायचं ठरलं. डॉक्टर कित्तूरांनी आधी दोघींना समजावलं, की श्वास वीस मिनिटं चालेल, फार तर पाऊण तास. त्रास होऊ नये म्हणून औषध चालू राहील. त्यांनी स्वतःच्या हातानं नळी काढली, रविराजचं तोंड पुसलं, आणि पडदा ओढून बाहेर गेले. चव्वेचाळीस दिवसांनी त्याचा चेहरा पुरता दिसत होता. गालावर चिकटपट्टीचे वळ होते. दाढी कुणीतरी नीट केली होती.

सुनेत्रा त्याच्या कानाशी वाकली. "रवी, या वेळी मी तुला काही विचारत नाहीये," ती म्हणाली.

तो श्वास घेत राहिला.

वीस मिनिटं झाली. पाऊण तास झाला. श्वास वरवरचा होता, पण थांबत नव्हता. अकराच्या सुमाराला डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि सांगितलं, की मेंदूच्या देठाशी श्वासाचं केंद्र असतं, ते कधी कधी असं चालू राहतं. याचा अर्थ काही नसतो. सुनेत्रानं मान हलवली. अर्थ काही नसतो हे तिला पटत होतं, आणि समोरची छाती वर खाली होत होती.

साडेबाराला ओवी म्हणाली, "परत लावायला सांगू का?"

सुनेत्रानं नाही म्हटलं.

दोघी दोन बाजूंना बसल्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याची सून भात भरवत होती, तो वास सगळीकडं पसरला. रविराजच्या कपाळावर घाम आला, तो ओवीनं टिपला. दोन वाजता श्वास एकदम खोल झाला, इतका, की ओवी उठून उभी राहिली. पडद्याशी जाऊन, पाठमोरीच, तिनं पुन्हा विचारलं. सुनेत्रा पुन्हा नाही म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचातरी वाटला.

सव्वातीनला ओवी तिसऱ्यांदा विचारायला आली तेव्हा तिनं शब्द वापरले नाहीत, नुसतं आईकडं बघितलं. अजून वेळ होता. नर्स दहा पावलांवर होती. एक हाक मारली असती की नळी परत गेली असती, छाती नियमानं वर खाली व्हायला लागली असती, आणि उद्या सकाळी त्याचा हात असाच गरम लागला असता. सुनेत्रानं तो हात दोन्ही हातांत धरला आणि मान हलवून नाही म्हटलं.

चार वाजून दहा मिनिटांनी रविराजचा श्वास थांबला.

ओवी पुढं कित्येक वर्षं म्हणायची, की आई त्या दिवशी खंबीर राहिली म्हणून झालं, माझ्याच्यानं झालं नसतं. सुनेत्रा ते ऐकून घ्यायची. चौथ्यांदा विचारलं असतंस तर मी हो म्हणणार होते, हे तिनं मुलीला कधी सांगितलं नाही.